जुन्या एम४२ लेन्सनं जवळचा फोटो काढायचाय? आधी मिलिमीटर मोजा

आमच्या आज्जीचा कोल्हापुरी साज आहे, पानड्या पार झिजलेल्या, पण चंद्र, शंख, मासा, कासव सगळं अजून ओळखू येतं. त्याचा फोटो काढायचा होता. पूर्ण साज फ्रेमभर बसला पाहिजे आणि कासवाच्या पाठीवरची नक्षी पण दिसली पाहिजे. माझ्याकडं तेव्हा एकच जुनी लेन्स होती, रशियन इंडस्टार ५०-२, दिसायला बिस्किटाएवढी, फोटो मात्र एकदम खणखणीत. पण ती ६५ सेंमीच्या आत फोकसच होत नाही. मग ऑनलाइन एक्स्टेन्शन रिंगांचा (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायच्या पोकळ, बिनकाचेच्या रिंगा) सेट मागवला, त्यातली सगळ्यात पातळ रिंग लावली, तर आता साज फ्रेममधे मावेना, कडा कापल्या जायला लागल्या. मागं सरकावं तर फोकस जातो, पुढं यावं तर अजूनच कमी दिसतंय. दोन तास गेले. असं का होतंय हे कळायला मला बरेच दिवस लागले, आणि ते कळल्यावर सगळाच विषय सोपा झाला, म्हणून नवीन लोकांसाठी सगळं नीट लिहून काढतोय.

एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यासाचे आणि १ मिमी पिचचे (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) आटे असलेली लेन्स, जी बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. १९४९ च्या काँटॅक्स एस कॅमेऱ्यापासून हा माउंट (लेन्स बसवायची पद्धत) चालत आलाय, प्रॅक्टिका, झेनिट, जुने पेंटॅक्स हे कॅमेरे यावर चालायचे, पेंटॅक्सनं १९७५ ला स्वतःचा के माउंट आणला. त्यामुळं या लेन्स जगभर पडून आहेत आणि आजच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर) एका साध्या अडॅप्टरनं, म्हणजे मधल्या जोड-रिंगनं, बसतात. कोल्हापुरात एखाद्या जुन्या फोटोग्राफरच्या घरी माळ्यावरच्या डब्यात झेनिट निघतो, त्याच्यावर हेलिओस ४४-२ असते, ५८ मिमी, एफ २. मिळाली तर सोडू नका.

एकच गोष्ट समजून घ्या

लेन्स सेन्सरपासून जितकी लांब जाईल तितकं जवळचं फोकस होतं. बास. फोकस रिंग फिरवली की आतली काच हळूहळू पुढं येते, ती तेवढंच करत असते. अनंतावर (म्हणजे खूप लांबच्या वस्तूवर) असताना सगळ्यात मागं, सगळ्यात जवळच्या आकड्यावर असताना सगळ्यात पुढं, आणि तिथं एक स्टॉप लागतो म्हणून आपण अडकतो. एक्स्टेन्शन रिंग म्हणा, हेलिकॉइड (फिरवून लांब होणारी रिंग) म्हणा, बेलो (भात्यासारखा घडीचा) म्हणा, सगळ्यांचं काम एकच, लेन्सला अजून थोडं पुढं ढकलायचं.

किती ढकललं की किती मोठं दिसेल याचा हिशोब पण पोरखेळ आहे. लेन्स जितके मिमी पुढं सरकली त्याला फोकल लेन्थनं (लेन्सचे मिमी, हेलिओसचे ५८, इंडस्टारचे ५०) भागा, झालं मॅग्निफिकेशन. सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्यानं भागलं की फ्रेममधे किती रुंदीची वस्तू बसेल ते कळतं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे, खालचे सगळे आकडे त्याचे आहेत, फुल फ्रेम असेल तर दीडपट धरा.

आता पहिलं काम करा. घरात व्हर्नियर नसेल तर पोराच्या कंपासमधली पट्टी घ्या. लेन्स अनंतावर ठेवून तिची लांबी मोजा, मग सगळ्यात जवळच्या आकड्यावर फिरवून परत मोजा. फरक म्हणजे तुमच्या लेन्सची स्वतःची चाल. हेलिओस ४४-२ ची साधारण ९ मिमी येते, इंडस्टारची फक्त साडेचारच्या आसपास. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढं सगळं यावरच आहे.

हेलिओसनं ५० सेंमीवर फ्रेममधे साधारण १५ सेंमी रुंदीचं बसतं. ९ मिमीची रिंग लावा आणि लेन्स अनंतावर ठेवा, तर परत तेच १५ सेंमी. म्हणजे लेन्स जिथं थांबली तिथूनच रिंगनं पुढं चालू केलं, मधे खड्डा नाही, आणि तिथून फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवली की साडेसात सेंमीपर्यंत खाली येता. म्हणून नवीन माणसाला मी डोळे झाकून सांगतो, हेलिओस ४४-२ आणि ९ मिमीची रिंग, एवढ्यावर सहा महिने काढा.

आणि माझा साज का बसत नव्हता ते पण आता लक्षात आलं असेल. इंडस्टारची स्वतःची चाल साडेचार मिमी, तिथं फ्रेम २५ सेंमीची. ९ मिमी रिंग लावली की अनंतावरच फ्रेम १३ सेंमीची होते. मधलं २५ ते १३ सेंमी हे सगळं गायब! आणि साज कापडावर मांडला तर बरोबर १६ सेंमीचा. रिंग लेन्सच्या चालीपेक्षा जाड असली की असा खड्डा पडतोच, आणि बाजारात सेट मिळतात त्यात बऱ्याचदा ९, १६ आणि ३० मिमी अशा तीनच रिंगा असतात, पाचची नसतेच.

जोडणी कशी करायची

क्रम असा, कॅमेरा, त्यावर अडॅप्टर, अडॅप्टरवर रिंग, रिंगवर लेन्स. अडॅप्टर काढून त्याजागी रिंग लावायची नाही, अडॅप्टर राहू द्यायचाच. सोनी ई माउंटवर एम४२ चा अडॅप्टर जवळजवळ साडेसत्तावीस मिमी जाड असतो कारण एम४२ ला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं आणि सोनीचं स्वतःचं १८ मिमी आहे, तो फरक अडॅप्टर भरतो. कॅननच्या ईएफ माउंटवर हा अडॅप्टर नुसती दीड मिमीची चकती असते. निकॉनच्या एफ माउंटवाल्यांची गंमत वेगळीच आहे, तिथं अंतर आधीच ४६.५ मिमी, म्हणजे बिनकाचेचा अडॅप्टर लावला की लेन्स एक मिमी जास्तच पुढं जाते आणि अनंत फोकस मिळत नाही, हेलिओसनं सव्वातीन मीटरच्या पलीकडचं धूसर. लोक यासाठी काच असलेला अडॅप्टर घेतात, तो स्वस्तातला असेल तर फोटो मऊ पडतो. तुम्हाला फक्त जवळचंच काढायचं असेल तर बिनकाचेचाच घ्या, तो एक मिमी तुमच्या फायद्याचा आहे.

आटे बसवताना जोर लावू नका. आधी उलट्या दिशेनं हळू फिरवा, टक् असं हाताला लागतं, आटा आट्यात पडला की मग सुलट फिरवा, दोन बोटांनी गेलं पाहिजे. वाकडं घुसलं तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे एका फेरीत खराब होतात. रिंगा लावल्यावर लेन्सवरचे आकडे वर न येता बाजूला किंवा खाली येतील, येऊ देत, फोटोला काही होत नाही.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत "लेन्स नसताना शटर चालू" असा पर्याय असतो तो चालू करा, नाहीतर कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही आणि शटर दाबलं तरी काही होत नाही. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरलेले दोघं मला भेटलेत.

एक फार महत्त्वाचं. बऱ्याच एम४२ लेन्सच्या मागं एक छोटी पिन असते, ती आत दाबली गेली तरच अ‍ॅपर्चर (पाकळ्यांचं, उजेड आत सोडणारं भोक) बंद होतं. साध्या रिंगेत ती पिन दाबणारं काहीच नसतं, त्यामुळं तुम्ही अ‍ॅपर्चर रिंग ८ वर फिरवा की १६ वर, पाकळ्या उघड्याच. सुपर टाकुमारसारख्या लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असा स्विच असतो, तो मॅन्युअलवर टाकला की काम झालं. ज्यांच्यावर स्विच नाही त्या रिंगांबरोबर वापरायला डोकेदुखी. घ्यायच्या आधी लेन्स हातात धरून अ‍ॅपर्चर फिरवा आणि आतल्या पाकळ्या हलतात का ते डोळ्यानं बघा. हेलिओस ४४-२ आणि इंडस्टारला पिनच नाही, म्हणून पण मी त्यांच्या बाजूचा आहे.

पाच मिमीची रिंग, उद्यमनगरातून

बाबूराव पेंटरांनी याच गावात शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा अख्खा कॅमेरा बनवला, आणि आपल्याला एक रिंग मिळत नाही म्हणून अडून बसायचं हे मला पटत नव्हतं. शिवाजी उद्यमनगरात लेथ किती आहेत ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिथं एका काकांकडं गेलो. त्यांनी रिंग हातात घेतली, फिरवून बघितली, डोळ्याजवळ धरली आणि विचारलं, "पिच किती भावा?"

मी म्हणालो, "पाऊण असंल काका, कुठंतरी वाचलंय."

चूक माझीच. ४२ मिमी व्यास आणि ०.७५ पिच हा टी२ नावाचा वेगळाच माउंट आहे, दुर्बिणीला कॅमेरा जोडायला वापरतात तो. व्यास सारखाच असल्यानं बघून कळत नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणं आटे पाडले, मी लेन्स फिरवली, एक फेरी गेली, दुसऱ्या फेरीत गच्च. काकांनी माझ्या हातातून घेतलं, पिच गेज काढला, लेन्सच्या आट्यावर ठेवला, उजेडाकडं धरला. "एकची पिच आहे ही. बघ, पट्टीत उजेड दिसतोय का? नाही ना? मग एकच." पहिली रिंग वाया गेली, तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मी जबरदस्तीनं दिले.

दुसऱ्यांदा मी शेजारी उभं राहून सगळं बघितलं. अ‍ॅल्युमिनियमचा राउंड बार चकमधे धरला, फेसिंग केलं, आतून बोअर मारला, मग आतले आटे. ते पाडताना काका टूल एकदम थोडं थोडं आत देत होते, दर फेरीला थांबून खराब हेलिओस घालून बघायचे. हो, मापाला म्हणून मी बुरशी लागलेली मेलेली हेलिओस नेली होती, तुम्ही पण चांगली लेन्स नेऊ नका, बारीक कीस उडतो आणि हात तेलकट असतात. शेवटी ती हेलिओस लोण्यात सुरी गेल्यासारखी आत गेली आणि जाग्यावर बसली, जरासुद्धा हलली नाही. मग बाहेरचे आटे.

तुम्ही करून घेणार असाल तर टर्नरला एवढं सांगा. ४२ बाय १, आतून पण आणि बाहेरून पण. मधल्या बॉडीची जाडी पाच मिमी, आटे सोडून. दोन्ही फेस एकमेकांना समांतर पाहिजेत, जमलं तर जॉब न काढता एकाच सेटिंगमधे, कारण रिंग एका बाजूला तिरकी झाली तर फोटोची एक बाजू कायम धूसर येते आणि तुम्ही लेन्सला दोष देत बसता. कडांना हलकं चॅम्फर. चकाकी नको, आतून तर अजिबात नको. मी आतल्या बाजूला काळं मखमलीचं कापड चिकटवलं, आटे सोडून, अ‍ॅनोडायझिंगपेक्षा ते भारी काम करतं. ऑनलाइनच्या स्वस्त रिंगा पण आतून चमकतात, खिडकीकडं तोंड करून फोटो काढला की मधोमध पांढरट डाग येतो तो त्याचाच, त्यांना पण हेच करा.

रिंग घरी आणली, साज काळ्या कापडावर मांडला, इंडस्टार लावली. अनंताच्या जरा पुढं फिरवली आणि अख्खा साज फ्रेममधे, चारी बाजूला बोटभर जागा. एफ ८ ला काढला. मोठा करून बघितला तर कासवाच्या पाठीवर आडव्या उभ्या रेघा, एका रेघेत लाखेचा काळा कण अडकलेला. आज्जीला दाखवला तर ती म्हणाली हे कासव आहे होय, मी इतकी वर्षं भुंगाच समजत होते.

अजून जवळ जायचं असेल तर

तिन्ही रिंगा एकत्र लावल्या की ५५ मिमी, हेलिओसवर जवळजवळ एकास एक, म्हणजे सव्वादोन-अडीच सेंमीची वस्तू फ्रेमभर. ऐकायला छान वाटतं, पण इथं दोन गोष्टी अंगावर येतात. एक, उजेड. एकास एकला दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे पाव हिस्साच उरतो, कॅमेरा तो आपोआप मोजतो पण शटर स्लो होतं आणि हात हललेला दिसतो. दोन, डेप्थ, म्हणजे किती खोलीपर्यंत शार्प दिसतं ते. ९ मिमी रिंगवर सगळ्यात जवळून एफ ८ ला चारेक मिमी शार्प मिळतं, एकास एकला अर्धा-पाऊण मिमी. त्यावर उपाय म्हणून लोक १६ पर्यंत अ‍ॅपर्चर बंद करतात, आणि मग डिफ्रॅक्शननं (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यानं) सगळाच फोटो मऊ पडतो. ८ वर थांबा, फार तर ११.

फोकस कसा करायचा? इतक्या जवळ फोकस रिंग फिरवत बसू नका. किती मोठं पाहिजे ते ठरवून रिंग तिथं ठेवा आणि स्वतः पुढं मागं व्हा, कोपरं गुडघ्याला किंवा जमिनीला टेकवून, स्क्रीनवर मोठं करून बघत, शार्प दिसेल त्या क्षणी दाबा, एकाच्या जागी पाच-सहा दाबा. फोकस पीकिंगवर (स्क्रीनवर शार्प कडा रंगवून दाखवायची सोय) पूर्ण भरवसा नको, एफ २ वर ते बरोबर सांगतं असं वाटतं आणि घरी येऊन बघितलं की फुलाऐवजी मागचं गवत शार्प.

हेलिकॉइड ही माझ्या मते रिंगांपेक्षा चांगली वस्तू आहे, बजेट असेल तर. फिरवली की स्वतःच लांब होते, १७ ते ३१ मिमी असं लिहिलेली मिळते, म्हणजे १४ मिमीची चाल, मधे कुठंही थांबा. मिररलेसवाल्यांनी पातळ अडॅप्टर घेऊन बाकीचं अंतर हेलिकॉइडनं भरायचं, बेरीज अडॅप्टरच्या मूळ जाडीएवढी आली की अनंत पण मिळतो आणि जवळचं पण, रिंगा काढघाल करायची कटकटच नाही. घेताना हलवून बघा, ढिली असेल तर लेन्स मान टाकते.

समोर लावायच्या क्लोज-अप काचा, +२, +४ वगैरे, उजेड खात नाहीत हे खरं. लेन्स अनंतावर असताना +२ नं ५० सेंमीवर, +४ नं २५ सेंमीवर फोकस होतो. पण एकेरी काचेच्या स्वस्त सेटनं कडा धुवून निघतात आणि जांभळ्या रेघा येतात, मला आवडत नाहीत. लेन्स उलटी लावायची रिंग पण मिळते, हेलिओसला ४९ मिमीचा फिल्टर आटा आहे त्यावर बसते, पण मागची काच उघडी पडते, धूळ आणि बोटं सांभाळा. बेलो घरी टेबलावर ठीक, बाहेर नेऊ नका.

लेन्स खोलून स्टॉपचा स्क्रू काढून अजून पुढं फिरवायचा उद्योग काही जण करतात. जवळचं मिळतं थोडं, पण लेन्सच्या आतले फोकसचे आटे सुटून लेन्स हातात येते आणि परत कुठल्या आट्यावरून सुरू करायची ते सापडत नाही, अनंत कायमचा जातो. करायचंच असेल तर सुटायच्या क्षणी दोन्ही भागांवर पेन्सिलनं खूण करा. पहिल्या लेन्सवर नको.

ज्यांच्याकडं ३९ मिमी आट्याच्या लेन्स आहेत त्यांनी आधी ती कुठली ते बघावं. जुन्या झेनिटवर पण ३९ चा आटा होता आणि लायका पद्धतीच्या कॅमेऱ्यांवर पण, दिसायला सारख्या, पण लायकावाल्यांना सेन्सरपासून २८.८ मिमी अंतर लागतं आणि झेनिटवाल्यांना ४५.२. झेनिटची लेन्स लायकाच्या अडॅप्टरवर लावली तर काहीच फोकस होणार नाही, उलट केलं तर फक्त अगदी जवळचंच होईल. लायका पद्धतीच्या बऱ्याच लेन्स १ मीटरवरच थांबतात, त्यांना हेलिकॉइड असलेला अडॅप्टर हाच सरळ रस्ता.

बाहेर कुठं सुरुवात करायची

पहिले आठ दिवस घरातच. कोल्हापुरी चप्पल घ्या, तिची चामड्याची वेणी, टाके, हलत नाही, वारा नाही, खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. हात बसला की सकाळी लवकर रंकाळ्याच्या कडेला जा, गारठलेल्या टाचण्या (चतुरासारखे बारीक किडे) गवताच्या पात्यावर बसलेल्या असतात, ऊन तापेपर्यंत हलत नाहीत. हेलिओसला ९ आणि १६ च्या रिंगा एकत्र लावा, फ्रेम साडेपाच ते चार सेंमीची होते, अख्खी टाचणी बसते.

आणि पावसाळा सरताना पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठार. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद, सगळी बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून लहान फुलं. तिथं वारा लई असतो, म्हणून छत्री न्या आणि उघडून वाऱ्याच्या बाजूला जमिनीवर ठेवा, पावसाला नाही, फुलाला आडोसा म्हणून. पोटावर झोपावं लागतं, त्यामुळं आधी आजूबाजूला बघा, एका फुलाच्या फोटोसाठी दहा फुलं अंगाखाली चिरडायची नाहीत. रिंगा घरूनच लावून जा, तिथं धुक्यात लेन्स काढायची वेळ आली तर सेन्सरवर थेंब पडतात. परत आल्यावर रिंगा सोडवून प्रत्येक वेगळी पुसा, ओलसर राहून घट्ट झाल्या तर हातानं सुटत नाहीत, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन्ही बाजूला गुंडाळून पिळा, पक्कड लावू नका. आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटातल्या चामड्याच्या केसमधे नाही, माझी ती मापाची हेलिओस अशाच एका केसमधे दोन पावसाळे राहिली होती.